हंड्यासकट माप

मी चौथीसुद्धा पास नाही, पण परळमध्ये किती माणसं मी परत उभी केलीत ते विचारा. नकली पाय करतो, चाळीस वर्षं झाली. गिरणीत पाय गेलेले, रुळांवर गेलेले, साखरेच्या दुखण्याने गेलेले, सगळे आमच्या चाळीच्या तळमजल्यावर येतात. माझा पाय लावून कोणी लंगडला तर मी आधी त्याच्या चालीलाच नावं ठेवतो.

गेल्या वर्षी आफ्रिकेतून एक मुलगी आली. वीस-एकवीसची. सोबत मोठा भाऊ, तो इथेच कॉलेजात शिकतो, कामापुरती हिंदी बोलतो. मुलीला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. आठ वर्षांची असताना पाणी आणायला गेली आणि वाटेत पुरलेला सुरुंग फुटला. तिथली लढाई ती जन्मायच्या आधीच संपलेली. सुरुंग काही त्या लोकांनी बनवले नव्हते. बाहेरच्या देशांनी दोन्ही बाजूंना पेट्या पुरवल्या आणि घरी गेले. सुरुंग तिथेच राहिले.

मुलीचं मागणं एकच. डोक्यावर पाणी घेऊन चालता आलं पाहिजे. तिचा पाय गेल्यावर मधली बहीण पाणी भरून भरूनच मोठी झाली, लग्न होऊन गेली. आता धाकटीची पाळी, तिला शाळेतून काढायचं घरात ठरत होतं.

मी पाय केला. गॅलरीत अशी चालली की शेजारी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी भाऊ हजर. "चाचा, पानी लेके नहीं चल सकती."

"पाय बरोबर आहे," मी म्हटलं. "तिला सवय नाही."

तिसऱ्या दिवशी दोघं परत आली. मी परत तेच सांगितलं. तेव्हा आमची मंडळी आतून बाहेर आली. "अहो, जन्मात कधी हंडा उचललात? मग तुमका काय कळतला?"

जुन्या लुगड्याची चुंबळ करून तिने मुलीच्या डोक्यावर ठेवली, वर भरलेला हंडा. पाचव्या पावलाला मुलगी डावीकडे कलली आणि पाणी माझ्या अवजारांवर.

मग मला दिसलं. हंड्याच्या भाराने तिच्या डाव्या पायाचा उरलेला भाग नकली पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे वरच्या खोबणीत, खाली दबत होता, म्हणजे तेवढी ती बाजू आखूड होत होती. माप मी ती रिकामी उभी असताना घेतलं होतं. इतकी वर्षं माझी गिऱ्हाइकं बहुतेक पुरुष, स्वतःचंच वजन घेऊन चालणारी.

माफीबिफी मागायची मला सवय नाही. "उभी राहा," म्हटलं, "हंडा घे." उरलेल्या पायाला मापाचं प्लास्टर लावून तो स्टुलावर टेकवला, आणि ते सुकेपर्यंत ती डोक्यावर हंडा घेऊन उभी. मंडळीने तिचे खांदे धरलेले, आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना मला हसत होत्या.

त्या रात्री जेवताना माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आता आपला देशपण बाहेर हत्यारं विकतो. अभिमान वाटला पाहिजे."

"तुला वाटू दे. फक्त प्रत्येक पेटीबरोबर एक पाय करणारा पाठवा. आणि त्याला परत बोलवू नका. सुरुंग एकदाच फुटतो, पाय दर तीन-चार वर्षांनी नवा लागतो."

"असं कोण पाठवतं, बाबा?"

"मग पेटीपण पाठवू नका."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

नाहीच. मी आमटी मागून घेतली.

नवा पाय लावून मुलगी भरलेला हंडा घेऊन चाळीच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. पाणी जरा हिंदकळलं, पण ती कलली नाही. हंडा उतरवायला मंडळी पुढे झाली, तर तिने हात झटकला आणि स्वतःच आमच्या पिंपात रिकामा केला. भाऊ फोनवर धाकटीला सगळं दाखवत होता. तिकडून ती पोर मोठमोठ्याने काहीतरी ओरडली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

भाऊ हसायला लागला. "बोलती है, जल्दी घर आ और पानी तू भर. मेरेको स्कूल जाना है."