तिसरी सावली आणि सुके बोंबील

मेलेल्या माणसाच्या पासवर्डचं काय करायचं असतं?

हे मी तिघांना विचारलं. पहिल्यांदा भटजींना, दादाच्या तेराव्याला. कपडे देऊन झाले, अंथरूण झालं, चपला, छत्री, सगळं झालं, तेव्हा मी विचारलं, "आणि पासवर्ड?" ते म्हणाले, "सोन्याचा आहे का?" मग बाबांना विचारलं. ते उठून वाडीत पाणी लावायला गेले. तिसरा सिरिल. त्याचं नालासोपाऱ्याला स्टेशनजवळ सायबर कॅफे. त्याला तरी माहीत असणार ना? तो फडकं घेऊन पुसलेलाच कॉम्प्युटर परत पुसायला लागला.

मग मला सुचलं ते मी केलं. आणि मला कसलं सुचतं, ते तुम्हाला माहीतच आहे. घ्या, चहा घ्या, निवतोय. माझ्या आजवरच्या गाढवपणांत याच्यावर काही नाही!

आधी दादाचं सांगतो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, नितीन. तो शिकला, कंपनीत लागला. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि निर्मळ गावातल्या आमच्या वाडीतली विड्याची पानं स्कूटरवर बांधून बाजारात पोचवायला लागलो. दादाला एकच वेड. कॉम्प्युटरवरचा एक गेम. त्याचं इंग्रजी नाव मला कधी उच्चारता आलं नाही, खेळणारे सगळे त्याला 'आरमार' म्हणायचे. आपलं बंदर बांधायचं, लाकडं तोडायची, जहाजं करायची आणि डोकं चालवून दुसऱ्याची बुडवायची. एकेक डाव आठवडाभर चाले. मी म्हणायचो, "दादा, एवढ्या वेळात खरी होडी झाली असती." तो म्हणायचा, "दिन्या, तू पानं मोज."

इंटरनेटवर या आरमारवाल्यांचा एक गट होता, सगळी मराठी माणसं. लिहायचे मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. तिथे कोणी खऱ्या नावाने राहत नाही. दादा होता 'शूर्पारक'. म्हणजे आपल्या सोपाऱ्याचंच जुनं नाव, हे मला त्यानेच सांगितलं. साताऱ्याचा एक 'किल्लेदार', नाशिकची एक 'रणरागिणी', असे सत्तावीस जण.

त्या वर्षी गेमचा नवा भाग येणार होता. कंपनीने आधी एक चित्र सोडलं. समुद्र, आणि काठावर तीन काळ्या सावल्या. नव्या भागातले नवे तीन सरदार! बाकी काही नाही. झालं! हे सत्तावीस जण त्या सावल्यांवर तुटून पडले. नाक कसं आहे, हातात काय आहे, टोपी आहे की केस आहेत. लोक मुलीसाठी स्थळ बघताना एवढं बघत नाहीत.

किल्लेदाराने यादी केली. प्रत्येकाने तीन सावल्यांचे तीन अंदाज द्यायचे. अमुक शनिवारपर्यंत तिन्ही आले नाहीत तर यादीतून नाव खोडणार. यादीत दादाचं नाव पहिलं, कारण आधीच्या भागांच्या वेळी त्याने अकरा अंदाज दिले होते आणि अकराच्या अकरा बरोबर आले होते. या वेळी त्याने दोन दिले, तिसरा राखून ठेवला.

आणि त्याला कावीळ झाली.

आधी आम्हाला साधी वाटली. मग दवाखान्यात ठेवलं. तिथून तो मला सांगायचा, मी सिरिलकडे जाऊन एका बोटाने लिहायचो. पासवर्ड त्याने औषधाच्या कागदावर लिहून दिला होता. 'थोडी कावीळ झाली आहे. येतो.' एवढंच लिहायला मला वीस मिनिटं लागायची. एकदा मी विचारलं, "तिसरी सावली ओळखलीस?" तो हसला. डोळे हळदीसारखे झाले होते. म्हणाला, "ओळखली. घरी आलो की सांगतो."

तो घरी आला, पण सांगण्यासारखा नाही.

तर तेरावं झालं, आणि त्या शनिवारी बाबा मला घेऊन रेशनिंग ऑफिसात गेले. कार्डावरून दादाचं नाव कमी करायला. तिथल्या बाईंनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. नितीन. वय चोवीस. संपलं. बाबा घरी गेले, मी सिरिलकडे. कशाला? मला पण माहीत नाही. पासवर्ड टाकला, तर किल्लेदाराचा निरोप: 'शूर्पारक, तिसरा अंदाज आज सहापर्यंत दे. नाहीतर नियमाप्रमाणे नाव काढावं लागेल.'

परत रेघ? एका दिवसात दोन?

माझं डोकं सटकलं. म्हटलं, ही यादी तरी राहू दे. चित्र उघडलं आणि तिसरी सावली बघितली. दोन उंच खांब, मध्ये आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर लांब लांब काहीतरी लटकलेलं, आणि खाली एक माणूस हात वर करून. बाकीच्यांनी लिहिलं होतं: जल्लाद. फासाची दोरी. शिडाचा कारागीर. मी म्हटलं, अरे आंधळ्यांनो, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कधी गेला नाहीत का? दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकले की हुबेहूब असंच दिसतं!

मी लिहिलं: 'ती बाई आहे. ती बोंबील सुकवते.'

घड्याळात पावणेसहा.

मग रणरागिणी: 'बोंबील??? युद्धात???' एकाने लिहिलं, 'कावीळ डोक्यात गेली याच्या.' मी उठणारच होतो, तेवढ्यात किल्लेदार आला. 'हसू नका. अकरापैकी अकरा बरोबर आहेत त्याचे. विचार करा. सुके मासे म्हणजे काय? रसद! नव्या भागात जहाजांना अन्न लागणार!'

बघा आता. मी एक ओळ लिहिली, त्यांनी तिचा ग्रंथ केला! अन्न लागणार म्हणजे लांबचे प्रवास असणार. लांबचे प्रवास म्हणजे नवे खंड असणार. दुसऱ्या दिवसापासून मला प्रश्न. 'शूर्पारक, बोंबील किती दिवसांत तयार होतात?' 'पावसात काय होतं?' मला काय ठाऊक, आम्ही पानवाले! गेलो अर्नाळ्याला. बोंबील पसरणाऱ्या एका मावशीला विचारलं.

ती म्हणाली, "घ्यायला आलास का इचारायला?"

"विचारायला."

"ऊन असला तर चार दिवस. पानी लागला का सगला फुकट. तुला धंदा करायचाय?"

"नाही मावशी, जहाजावर न्यायचेत."

"कंचे जहाजावर?"

आता हिला काय सांगू? म्हटलं, "भावाच्या."

ती लगेच हळू झाली. "बोटीवर असतो व्हय? कवा येनार?"

मी स्कूटर चालू केली आणि निघालो.

मी तिचं सगळं गटावर लिहिलं. पाणी लागलं तर फुकट. किल्लेदाराने त्याचा तक्ता बनवला. कोणीतरी तो इंग्रजीत करून परदेशातल्या खेळणाऱ्यांना पाठवला. तिकडून म्हणे उत्तर आलं की भारतातला हा माणूस कोण आहे? आणि गेम यायला अजून पंधरा दिवस होते.

तुम्ही म्हणाल, दिन्या, तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगतो. घरी दादाचं सगळं 'होता' झालं होतं. नितीनला हे आवडायचं, नितीन इथे बसायचा. तिथे सिरिलकडे तो अजून 'आहे' होता. रोज कोणीतरी विचारायचं, 'बरा आहेस ना?' रणरागिणी लिहायची, 'तेलकट खाऊ नकोस. उसाचा रस पी.' मी लिहायचो, 'पितो.' आणि खोटं नको म्हणून बाहेर येऊन खरंच एक ग्लास उसाचा रस प्यायचो. पंधरा दिवस! कावीळ दादाला आणि रस मी पितोय.

मग किल्लेदाराने लिहिलं: 'नवी डिस्क हातात आली. रविवारी सोपाऱ्याला येतो. रणरागिणीही मावशीकडे विरारला आली आहे. पहिला डाव शूर्पारकच्या बंदरावर!'

शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी लिहिलं, 'या.'

रविवारी सिरिलला हात जोडले. म्हटलं, "काही बोलू नकोस."

तो म्हणाला, "दिन्या, मी खोटं बोलणार नाही. पण विचारल्याशिवाय तोंड पण उघडणार नाही."

किल्लेदार म्हणजे मला वाटलं मिशीवाला तरणाबांड गडी असेल. आले ते पन्नाशीचे भूगोलाचे मास्तर! बगलेत पिशवी, पिशवीत कंदी पेढे, खिशाला लाल पेन. रणरागिणी म्हणजे चष्मा लावलेली काडीसारखी कॉलेजची मुलगी. मास्तरांनी सरळ मला मिठी मारली. "शूर्पारक! किती वाळलास रे!"

एवढ्या दिवसांत दादाला मिठी मारायला आलेला हा पहिला माणूस. मी कसा सांगणार, की तो मी नव्हे? मी म्हटलं, "बसा सर."

त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं. पहिला डाव माझा! अहो, मी आयुष्यात तो गेम खेळलो नव्हतो. काय दाबलं देव जाणे, माझी माणसं लाकडं तोडायची सोडून माझ्याच गोदीवर कुऱ्हाडी घेऊन चढली. चार मिनिटांत माझं बंदर मीच जाळलं. शत्रू अजून निघाला पण नव्हता!

रणरागिणी म्हणाली, "असू दे रे. आजारपणात हाताची सवय मोडते."

मास्तर म्हणाले, "डावपेच असेल."

पहिले दोन सरदार दादाने सांगितलेलेच निघाले, आणि तेवढ्यात तिसरा पडद्यावर आला. दोन खांब, आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर रंगीत पट्ट्या. लांबच्या जहाजांना खुणा करणारा निशाणवाला. बाई नाही. बोंबील नाही. रसद तर अख्ख्या गेममध्ये कुठेच नाही!

"शूर्पारक चुकला!" रणरागिणी टाळ्या पिटायला लागली. "बोंबील म्हणे! आता सगळे तुला बोंबील म्हणणार बघ!"

मास्तरांनी पिशवीतून वही काढली. यादी त्यांनी हाताने पण लिहून ठेवली होती, सुंदर अक्षरात. पहिलं नाव शूर्पारक. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि हळहळत म्हणाले, "पहिल्यांदाच रे. तेरानंतर पहिल्यांदाच."

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. दादा जिवंतपणी कधी चुकला नव्हता. त्याला मेल्यावर चुकवायचं काम सख्ख्या भावाने केलं!

पेन कागदाला टेकलं आणि मी मास्तरांचा हात धरला. जोरात. पेढे खाली पडले.

"सर, तो चुकला नाही."

"म्हणजे?"

"तो नाहीये. दादा गेला सर. महिना होऊन गेला. मी धाकटा. सातवी पास. मला यातलं काही येत नाही."

मास्तरांनी सिरिलकडे बघितलं. सिरिलने मान हलवली आणि फडकं शोधायला लागला.

रणरागिणी म्हणाली, "मग उसाचा रस?"

"मी प्यालो."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मास्तर मात्र रागावले. मला वाटलं, कानाखाली देणार. म्हणाले, "सात तास एसटीत बसून आलो मी, गाढवा! भेटीला येतो म्हणून लिहिलं, तेव्हा या म्हणालास!"

"हो."

"का म्हणालास?"

"तुम्ही त्याचं नाव खोडणार होता सर."

त्यांनी वही मांडीवर घेतली. मग लाल पेन खिशाला लावलं, निळं काढलं, आणि दादाच्या तिसऱ्या चौकटीत एकच शब्द लिहिला. 'रजा.'

रणरागिणी नाक पुसत म्हणाली, "सर, नियम?"

"नियम कोणी केला? मी. मग गप्प बस." मग माझ्याकडे वळले. "आणि तो बोंबील कोणाच्या नावावर टाकू? कुठेतरी टाकायलाच हवा."

"माझ्या."

"तुझं नाव यादीत नाही."

"मग घाला."

त्यांनी सगळ्यात खाली अठ्ठाविसावं नाव लिहिलं. दिनेश. अंदाज एक. चूक एक. गुण शून्य. भूगोलाचे मास्तर ते, शून्य कसं गोल काढलं होतं! सातवीपर्यंत शाळेत नाना पराक्रम केले मी, पण शून्य कोणी दिलं नव्हतं. ते मिळवायला आरमारवाल्यांत जावं लागलं.

पेढे गोळा केले, पुसले, चौघांनी खाल्ले. मग मास्तर म्हणाले, "बाकीच्यांना कळवायला हवं. रणरागिणी, तू लिही." ती म्हणाली, मला नाही जमणार. सिरिल म्हणाला, मी त्यांना ओळखत नाही. मास्तरांनी चष्मा काढला आणि परत घातलाच नाही.

तर मीच बसलो. एका बोटाने. अर्धा तास लागला, कोणी घाई केली नाही. मी लिहिलं:

'मी शूर्पारकचा धाकटा भाऊ. दादा गेला. काविळीने. बोंबलाचं मी लिहिलं होतं. त्याला कोणी हसू नका.'