चार पावलं मागून

माणसांना फक्त पाठीवरून ओळखणारा एकच प्राणी या जगात आहे, आणि तो म्हणजे आमच्या ऑफिसातला कॅमेरावाला. समोरून भेटलेला माणूस त्याच्या लक्षात राहत नाही, तोच माणूस पाठ फिरवून चालू लागला की हा लांबून सांगणार, "तो बघ, तुझा घरमालक चाललाय!" कॅमेरावाला म्हणजे फोटो काढणारा नव्हे. अंधेरीत आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. गेममधली घरं, झाडं, गल्ल्या मी उभ्या करते, आणि त्यांतून चालणाऱ्या पात्राच्या मागोमाग जो न दिसणारा कॅमेरा जातो, तो हा सांभाळत असे. हातात धरायच्या गेमपॅडवर अंगठ्यांनी फिरवायच्या दोन छोट्या दांड्या असतात; डाव्या स्टिकने पात्र चालवायचं, उजव्या स्टिकने कॅमेरा त्याच्याभोवती फिरवायचा, एवढंच. 'एवढंच' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायची मात्र सोय नव्हती.

कॅमेऱ्याने किती मागून चालावं, माणूस वळला की किती उशिराने वळावं, हे कळावं म्हणून तो भर बाजारात अनोळखी माणसांच्या मागून चालायचा. चार पावलं अंतर ठेवून, किंचित उजवीकडून. एकदा भाजीबाजारात एक काका गर्रकन वळले आणि ओरडले, "काय रे, पाकीट मारायचंय काय?" हा अत्यंत नम्रपणे म्हणाला, "नाही काका, तुम्ही वळता फार झकास. परत एकदा वळता का?" मी सोबत होते म्हणून त्या दिवशी तो मार न खाता घरी गेला. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणं त्याला जमत नसे, कारण गेममध्ये भिंत जवळ आली की कॅमेरा तिच्यात घुसतो आणि सगळ्याची वाट लागते. माझ्या फणसाशी तर त्याचं हाडवैर. गेममधल्या गल्लीत मी हौसेने एक फणस लावला होता. रोज सकाळी हा माझ्या खुर्चीमागे, अर्थात किंचित उजवीकडे, येऊन उभा. "यार, तुझा फणस माझ्या कॅमेऱ्याला आडवा येतो. सरकव ना." "तू तुझा कॅमेरा सरकव रे!" शेवटी फणसच कुंपणापलीकडे गेला. शिवाय दिसेल त्याच्या हातात गेमपॅड द्यायची त्याला खोड. एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्याने एसीपर्यंत पोचूच दिलं नाही. तो गेम खेळत बसला, आणि आम्ही घाम पुसत.

पण त्याची खरी परीक्षक होती त्याची आई. मी त्यांना काकी म्हणते. मूळच्या मालवणकडच्या, बोरिवलीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, आणि गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणंच बंद झालेलं. आमच्या गेममधलं गाव कोकणातलं होतं. एक मुलगी घरातून निघते आणि गल्ल्यांमधून समुद्रापर्यंत जाते. निदान या वाटेने तरी आईला समुद्रावर न्यायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आणि नेमकी तिलाच दोन पावलांत घेरी यायची. "माका गरगरता," म्हणून काकी गेमपॅड उशीवर ठेवून द्यायच्या. साहेब म्हणाले, "सगळ्यांना आवडलाय कॅमेरा, आता पुरे कर." हा म्हणाला, "आई समुद्रावर पोचेपर्यंत नाही." त्याने कॅमेरा हळू केला, मागे नेला, वर उचलला. काकींची घेरी काही जाईना.

शेवटी एका रविवारी तो मला घेऊन घरी गेला. काकी खेळायला बसल्या. हा डोळे फाडून स्क्रीनकडे बघत होता. मी आपली काकींच्या हातांकडे. उजवी स्टिक त्यांनी एका बाजूला जीव खाऊन दाबून धरली होती. "काकी, काय शोधताय?" मी विचारलं. त्या वैतागून म्हणाल्या, "ह्या चेडवाचा तोंड खंय आसा गो? नुसती पाठच बघूची काय?"

घोळ असा होता. कॅमेरा आपोआप मुलीच्या पाठीमागे यावा, ही सोय या पठ्ठ्यानेच करून ठेवलेली. काकी त्याला पुढे ओढायच्या, तो हट्टाने मागे पळायचा, आणि या ओढाताणीत अख्खं गाव गरगर फिरायचं. इतक्या जणांनी गेम खेळून पाहिला, पण मुलीचा चेहरा बघावा असं कुणाला वाटलंच नव्हतं. याने कपाळावर हात मारला. "वाट लागली! मी त्या पोरीला कायम पाठमोरीच ठेवली गं."

पुढच्या रविवारी नवा कॅमेरा आला. आता फिरवणाऱ्याशी तो भांडत नव्हता; आणि दोन्ही अंगठे उचलले की सावकाश मुलीच्या समोर येत होता. काकी विहिरीवरून, फणसाजवळून, थेट समुद्रापर्यंत गेल्या. वाळूत पोचल्यावर त्यांनी अंगठे उचलले. मुलगी त्यांच्याकडे बघू लागली. "जेवलंस काय गो बाय?" काकींनी तिला विचारलं. हा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ आला नाही.

याच कॅमेऱ्याच्या जोरावर त्याला परदेशात, एका थंडगार गावी मोठी नोकरी लागली आणि तो गेला. आम्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि मला ऑफिसात करमेनासं झालं. नव्या गेममध्ये मी मुद्दाम गल्लीच्या मधोमध फणस लावलाय. कुणी काही म्हणत नाही.

रविवारी मी काकींकडे जाते, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल येतो. हा फोन पुढे धरून रस्त्याने चालत असतो आणि आम्हाला दाखवतो काय, तर पुढे चाललेल्या माणसांच्या पाठी. "बघ आई, एवढाले कोट घालून माणसं कशी वळतात!" काकी थोडा वेळ बघतात. मग म्हणतात, "रस्तो बघलंय रे. आता तुझा तोंड दाखय." चित्र हलतं, आणि थंडीने नाक लाल झालेला तो समोर येतो. काकी उशीला टेकवलेल्या फोनवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवतात आणि तो बोलत असेपर्यंत हलवत नाहीत. जरा कुठे बोट लागलं तर तो पुन्हा पाठमोरा होईल, अशा बेताने.