सहावं अंथरूण

पाच आठवड्यांनी सुमनताई पुन्हा उपकेंद्रात आल्या आणि बोटं फाकवून माझ्यासमोर धरली. बेचक्यांत नवे, बारीक फोड होते.

"ताई, तुमच्या मलमानं काय बी झालं न्हाई."

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या किकवीच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वेल्ह्याजवळच्या या उपकेंद्रात माझं पोस्टिंग होतं. ओळखीचं कोणी नाही. शेवटची एसटी गेली की माझं त्या दिवसाचं बोलणं संपायचं. सुमनताईंची केस मी पहिल्यांदाच एकटीनं समजावून सांगितली होती. तीच परत आली होती.

आजार साधा, खरूज. डोळ्यांना दिसणार नाही इतका किडा कातडीत बीळ करतो. माणसाकडून माणसाला लागतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत मलम लावायचं, सकाळी अंघोळ करायची, आठवड्यानं पुन्हा तेच. उपचारानंतरही खाज काही आठवडे राहू शकते. पण नवे फोड आले, तर कुणीतरी सुटलेलं असतं.

उपकेंद्राच्या सिस्टरनी रजिस्टर पाहिलं. "घरात किती माणसं?"

"पाच. त्यांनीच सांगितलं."

"तू जाऊन बघितलंस?"

मी रजिस्टरमधून पत्ता उतरवून घेतला आणि निघाले.

सुमनताईंची वस्ती तासभर चढावर. घरात पाचच माणसं होती आणि सगळ्यांनी मलम नीट लावलं होतं. मी निघणार, तेवढ्यात मेंढरं कोंडायच्या छपराशी झाकलेली ताटली दिसली. कुणाची, असं विचारलं.

"आत्याची," सुमनताई खाली बघत म्हणाल्या.

हौसाआत्या म्हणजे त्यांच्या नवऱ्याची विधवा आत्या. खाज आधी त्यांना सुटली. मेंढरांची खरूज त्यांनीच घरात आणली असं ठरलं, आणि पावसाळ्यापासून त्या छपरात झोपत होत्या. मेंढरांमागे त्याच जायच्या. दुपारी सुमनताईंच्या लेकीला मांडीत घेऊन तिची वेणीही त्याच घालायच्या. तेवढ्यापुरतं कुणाला भ्या वाटत नव्हतं.

आत्यांच्या हातांची सालं निघाली होती. काय लावलं, असं विचारलं.

"मेंढरास्नी गोचिडाचं औषीद लावत्यात, त्येच. आमाला दुसरं कोन देनार?"

ते विष आहे, अंगात भिनतं, हे मी सांगितलं. मेंढरांचा किडा माणसाच्या अंगावर टिकत नाही, हेही सांगितलं, सुमनताईंना ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशी आत्यांना डॉक्टरांना दाखवलं. हातांच्या जखमा भरून आल्यावर सहाही जणांचे उपचार एकाच दिवशी सुरू केले. घोंगड्या उकळता येत नाहीत, म्हणून पिशव्यांत बांधून आठवडाभर ठेवायला लावल्या. आत्यांच्या पाठीला मलम लावायला कोणी पुढं येईना. मी हातमोजे घातले.

"दुखतंय का, आत्या?"

"न्हाई. दमानं लाव, पोरी. लई दिसांनी कुनाचा हात लागला."

लावायला हवं त्यापेक्षा थोडा जास्त वेळ मी लावत राहिले.

महिन्याभरानं पुन्हा गेले. नवे फोड कुणालाच नव्हते. आत्यांचं अंथरूण छपरातून निघून पडवीपर्यंत आलं होतं. आत अजून गेलं नव्हतं.

रजिस्टरमध्ये पाचाचे सहा केले. आता मी घरात माणसं किती, असं विचारत नाही. अंथरुणं किती, ते विचारते, आणि जाऊन मोजते.