दोन चहांची खूण

जयंतीभाईंनी सोमवारी शेवटचं प्रूफ मागितलं होतं, आणि शनिवारी सकाळी हिलालआप्पा माझी कादंबरी छातीशी धरून दारात असे उभे होते, जणू तिच्यातलं कोणीतरी खरोखरच वारलंय.

जयंतीभाई म्हणजे प्रेसचे मालक. मंगळवारपासून त्यांच्या मशीनवर कंकोत्र्या चढणार होत्या, म्हणजे लग्नपत्रिका. लग्नसराईत सुरतेचा प्रेसवाला साक्षात ब्रह्मदेवाचा मजकूर आला तरी त्याला दिवाळीनंतर या म्हणतो. सोमवार चुकला की माझं पुस्तक दिवाळीपलीकडे गेलं.

मी दिवसा मराठी शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहायची. ही कादंबरी लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या प्रेमाची होती. नायक कापड विणतो, नायिका बॉबिन भरते. चौदाव्या प्रकरणात तो चालू लूमच्या मधून वाट काढत येतो आणि तिच्या कानात आपलं मन मोकळं करतो. एकेचाळीस ओळी. त्या लिहायला मला पावणेदोन वर्षं लागली. त्यात तीन चंद्र होते.

छापण्याआधी ज्यांना वाचायला देतात, त्यांना हल्लीची मुलं बीटा रीडर म्हणतात. आमच्याकडे त्याला 'जरा नजर टाका' म्हणत. पहिली नजर आमच्या ह्यांची. हे म्हणाले, "छान आहे." दुधीच्या भाजीलाही हे तेच म्हणतात, आणि दुधी करपला तरी तेच.

दुसरी नजर नगरकर सरांची. सर आमच्याच शाळेतून रिटायर झालेले. प्रूफ म्हणजे छपाईआधीचा कच्चा कागद, आणि त्यातल्या चुका शोधणं हे सरांचं व्रत. तापीच्या पलीकडच्या काठावरच्या पाटीतला राहिलेला अनुस्वार त्यांना अलीकडून दिसायचा. पण मजकुराबद्दल अक्षर बोलायचे नाहीत. "आशय तुमचा, अनुस्वार माझा," म्हणायचे. त्या एकेचाळीस ओळी त्यांनी चार वेळा वाचल्या, दोनदा चष्मा पुसला आणि एक स्वल्पविराम काढला.

तिसरे हिलालआप्पा. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील, मूळचे धुळ्याकडचे, बावीस वर्षं गोडादऱ्याला लूमवर. त्यांना जास्तीचं प्रूफ मी सल्ल्यासाठी दिलंच नव्हतं. कौतुक करतील म्हणून दिलं होतं.

"बाई, पुस्तक भारी शे," आप्पा बसत म्हणाले. "फक्त हा जे बोलला, ते तिले ऐकू कसं गेलं?"

"कानात कुजबुजला ना तो."

"खातं बंद व्हतं का?" लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात.

"चालू होतं."

आप्पांनी प्रूफ टेबलावर ठेवलं आणि चपला घातल्या. "मग चला."

लाज सांगते. लूमवर कादंबरी लिहिणारी मी तोवर खात्याच्या फाटकापर्यंतच गेले होते. आत पाऊल टाकलं आणि कानातले डूल आपोआप हलायला लागले. छत्तीस लूम एकदम बडवत होते. पोटातला सकाळचा चहा ढवळून परत दूध वेगळं, पाणी वेगळं झालं असावं. मी आप्पांच्या कानाला तोंड लावून ओरडले. त्यांनी हसून मान हलवली. काही पोचलं नव्हतं. पुढचे तीन दिवस मी भाजीवाल्याशी, हेडमास्तरांशी आणि देवाशी ओरडूनच बोलत होते.

पण तिथे गप्पा जोरात चालल्या होत्या. सगळ्या हातांनी. धागा तुटला, मालक आला, तुझी बायको गावाहून आली का, सगळ्याला खूण होती. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाची टिंगल करत होता आणि मधले बारा जण हसत होते. माझे तीन चंद्र त्या गर्दीत कुठे उभे राहिले असते? तसंच छापलं असतं, तर गोडादऱ्यापासून नवागामपर्यंत सगळी खाती माझ्यावर हसली असती. तीही हातांनी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मग इथे माणूस मनातलं सांगतो कसं? आप्पा लाजले. बावीस वर्षांचा लूमवाला लाजला की फार गोड दिसतो. म्हणाले, माझी बायको सिंधू तेव्हा आमच्याच खात्यात बॉबिन भरायची. चहावाला आला की जो तो आपल्यापुरतं एक बोट वर करायचा. एक दिवस मी तिच्याकडे बघून दोन बोटं वर केली, एक चहा माझा, एक तिचा. "सगळ्या खात्यानी पाह्यलं. मंग कशाचं कुजबुजणं, बाई?"

मी घरी येऊन एकेचाळीस ओळी कापल्या. चंद्रांसकट. त्यांच्या जागी एक ओळ आली: त्याने दोन बोटं वर केली.

नगरकर सरांना घाम फुटला. पानं लागलेली होती. चाळीस ओळी उडाल्या की मागची सगळी पानं वर सरकणार, सोमवार गेला. "जेवढ्या काढल्या तेवढ्या भरा," ते म्हणाले. मग मी आवाज भरला. छत्तीस लूमचा, चाळीस ओळी. रविवारी संध्याकाळी सरांनी ते पान वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "आशय बरा झालाय," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. मी ते वाक्य मनात फ्रेम करून ठेवलंय.

पुस्तक वेळेत निघालं. हिलालआप्पा आणि सिंधूबाई प्रत न्यायला घरी आले. सिंधूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून आप्पांनी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. खात्यातल्या सवयीने ते इतकं मोठ्याने होतं की खालचे दोन मजले जिन्यात येऊन उभे राहिले.

सिंधूबाईंनी पदर सारखा केला.

"दोन नही, तीन बोटं व्हतात," त्या म्हणाल्या. "तिसरा चहा मना भाऊले. तो शेजारना लूमवरच व्हता."

मेव्हण्याचा चहा निघताच आप्पा पंख्याकडे बघायला लागले. नगरकर सरांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि परत आला. पाचशे प्रती छापून बांधून झाल्या होत्या. आमचे हे म्हणाले, "तीनही छान आहे."

तेव्हापासून माझा नियम ठरला. ज्याचं काम आहे, त्याला प्रूफ दाखवायचं. मग त्याच्या बायकोला. अनुस्वार नंतर.