चौदा वावरांतला एकच कुंदा

जवळखेडात कोणालाही विचारा, निंदण कोणाच्या हातचं चांगलं, तर उत्तर एकच मिळेल: जयवंताबाईच्या. अचलपूरच्या एसटीतून उतरलेल्या नवख्या माणसाला फाट्यावरचा चहावालाच हे सांगून टाकतो, आणि तो विसरला तर खुद्द जयवंताबाई सांगतात. संकोच नावाची गोष्ट देवानं त्या बाईला दिलेलीच नाही. वय पंचावन्न, अंगानं तुरीची काडी, पण आवाज असा की या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलल्या तर चौथ्या वावरातली बाई दचकून पदर सावरते. बारा बायांची टोळी आहे त्यांची. सोयाबीन असो, कपाशी असो, एकदा त्यांच्या बायांनी आपापल्या ओळीची पात धरली की मालकानं खुशाल घरी जाऊन झोपावं.

त्यांचं खरं वैर कुंद्याशी. ज्यानं काळ्या जमिनीत कधी पाय रोवला नाही त्याला सांगायला हवं, की कुंदा म्हणजे गवतच, पण महा हट्टी. वर दिसतं वीतभर आणि खाली मुळं हातभर, त्या मुळांना पेरंच पेरं. एक पेर जमिनीत राहिलं की पुढच्या पावसाळ्यात स्वारी पुन्हा हजर. दुसऱ्या टोळ्या काय करतात, खुरप्यानं वरचं सपकन कापतात आणि पुढे सरकतात. जयवंताबाईंकडे ते चालत नाही. कुंदा निघाला की बाईनं मूळ वर करून त्यांना दाखवायचं, मगच तो धुऱ्यावर टाकायचा. "अवो माय, एवढं तर पोरीच्या लग्नात पोरगा पाह्यला नव्हता," असं टोळीतली सगळ्यात जुनी बाई रुख्मिणी म्हणायची, पण मूळ दाखवायची.

त्यांच्या हाताला आणखी एक कसब होतं. सकाळी कामाला निघताना टोळी नाल्याकाठी थांबे. पाण्याच्या कळश्या डोक्यावर घ्यायच्या तर चुंबळ पाहिजे, आणि चिंध्यांची चुंबळ ओली झाली की पाणी मानेवरून पाठीत गळतं. जयवंताबाई नाल्यावरचं लांब चिवट गवत मुळासकट उपटत, दोन पिळे देत आणि मुळाचीच गाठ मारत. ती चुंबळ काही केल्या सुटत नसे. तीन वर्षांमागे त्यांना ती सुचली आणि सगळ्या बायांना त्यांनीच शिकवली. वावरात पोचलं की कोपऱ्यातल्या झाडाखाली कळशी ठेवायची, चुंबळ बाजूला फेकायची, आणि पात धरायची. उद्याची उद्या नवी.

असं सगळं छान चाललेलं असताना दोन वर्षांमागे भादव्यात खुशालरावांनी माती खाल्ली. खुशालराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, मनाचे चांगले, पण जिभेला लगाम नाही. धुऱ्यावर उभं राहून, बारा बायांच्या देखत म्हणाले, "जयवंताबाई, कुंदा पुन्हा निंघाला माह्या वावरात. तुमच्या बाया वरून कापून राहिल्या काय?"

झालं! बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग जाळ आला.

"खुशालभाऊ, हे खरं निंघालं नं, तर या जल्मात पुन्हा खुरपं हातात धरणार नाई. पण खोटं निंघालं तर सगळ्यायसमोर हात जोडा लागन तुमाले."

बोलून तर गेल्या. पण घरी आल्यावर दोन दिवस भाकर गोड लागेना. कारण कुंदा निघाला होता हे खरंच होतं, आणि एकट्या खुशालरावांच्या नाही, बऱ्याच वावरांत निघाला होता. चाळीस वर्षं कमावलेलं नाव, आणि ते एका गवतानं खाल्लं. ते जुन्या मुळाचंच फुटलं की बाहेरून आलं, हे सांगणार कोण? कुंद्याला काय बोलता येतं?

बोलता येतं, असं सांगणारी मुलगी त्याच आठवड्यात गावात आली. नगमा तिचं नाव. अचलपूरची, वडिलांचं कापडाचं दुकान, आणि ही अकोल्याला शेतीत पीएच.डी. करत होती. विषय: तणाच्या गवतांतली विविधता. धामणगाव रेल्वेपासून सेमाडोहपर्यंत, मधे अमरावतीच्या आसपासची वावरं धरून, ती कुंद्याची पानं खुडत हिंडत होती. जवळखेडातूनही मागच्या वर्षी टोळी निंदायला शिरायच्या आधी तिनं पानं नेली होती, आता दुसरा फेरा होता.

"आमी उपटून उपटून मेलो, अन् तू थे पुड्यायत जपून ठिवून राह्यली?" जयवंताबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

नगमा हसली. "मावशी, दिसायला सगळा कुंदा एकच. पण आतून प्रत्येक झाड येगळं राह्यते. आत काही खुणा असतात, त्यायले मार्कर म्हणतात. दोन झाडायच्या खुणा सगळ्या जुळल्या की समजायचं, एकाच मुळाचे हायत. नाई जुळल्या तर परके."

जयवंताबाईंनी तिचा हातच धरला. "मंग मले एवढंच सांग बेटा. मागच्या साली वावरात होता थो कुंदा, अन् आता निंघाला थो कुंदा, एकच हाय का?"

"सांगता येईल. माझ्याकडे दोन्हीची पानं आहेत."

त्यानंतर बाईला धीर कुठला! महिन्याभरात त्या अकोटला एसटी बदलून थेट अकोल्याला प्रयोगशाळेत जाऊन थडकल्या. दारात चपला काढल्या, नगमा नको नको म्हणत असताना काढल्या. आत एक मुलगी छोट्याशा खलबत्त्यात पान कुटत होती आणि पान गोठवायच्या द्रवामुळे खलातून थंडगार धूर निघत होता. "कुटायचंच होतं तर मले सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. मग नगमानं संगणकावर एक फोटो दाखवला. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा, खाली वर, रांगेनं. एक रांग म्हणजे एक झाड.

"हे तर पेरणीचे तास दिसून राह्यले, ओळीनं ओळ," जयवंताबाई म्हणाल्या. "माहं काय निंघालं?"

"अजून बाकीचे जुळवायचे हायत, मावशी. पूर्ण झालं की गावातच येतो, सगळ्यायसमोर सांगतो."

परतीच्या एसटीत बाईंनी शेजारच्या अनोळखी माणसाला कुंद्याच्या आतल्या खुणा अकोटपर्यंत समजावून सांगितल्या. तो बिचारा अकोटच्या आधीच उतरला असता, पण त्याचं गाव पुढं होतं.

नगमा आली त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात अर्धं गाव जमलं. जयवंताबाई धुवट लुगडं नेसून टोळीसह पुढेच बसल्या. नगमानं भिंतीवर गावाचा नकाशा लावला आणि पहिलंच वाक्य बोलली, "मागच्या वर्षीच्या कुंद्याशी यंदाचा कुंदा एकाही वावरात जुळत नाही. म्हणजे मावशीच्या टोळीनं जो काढला थो मुळासकट गेला. हा नवा बाहेरून आला."

बायांनी असा काही गिल्ला केला की शाळेवरची कबुतरं उडाली. खुशालराव उठले, आणि माणूस दिलदार म्हणून, खरोखर हात जोडले. "चुकलो बाई. जीभ घसरली." जयवंताबाईंनी मान एवढी ताठ केली की रुख्मिणी म्हणाली, "आता लचकन."

"पण एक गंमत हाय," नगमा पुढे बोलू लागली. "बाकी सगळीकडे मले कुंद्याची दहा झाडं घेतली तर सहा-सात प्रकार सापडले. इथं चौदा वावरांत हा नवा कुंदा एकच हाय. एकाच झाडाचा. अन् तुमच्या नाल्याकाठची पानंबी मी नेली होती, थे झाड तिथलंच. तिथून ह्या चौदा ठिकाणी त्याचं मूळ कोणीतरी नेलं."

मग सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या, कोपऱ्यात उभ्या असलेल्या अजहरकडे. अजहर गावात भाड्यानं ट्रॅक्टर चालवायचा, गुणी पोरगा, आणि ट्रॅक्टर धुवायचा तो नाल्यावर.

"मी नांगर घरी धुतो," अजहर म्हणाला. "नाल्यावर फक्त इंजिन अन् चाकं. कसम से."

पण गाव एकदा ठरवून बसलं की बसलं. खुशालराव म्हणाले, "कसम राहू दे, बावा. नांगराच्या फाळात मूळ अडकते, हे लेकरालेबी समजते. औंदा ट्रॅक्टर परतवाड्याहून आणू." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. अजहरचे कान लाल झाले.

जयवंताबाईंचं लक्ष नकाशाकडे होतं. जिथून पान खुडलं तिथे नगमानं लाल ठिपका दिला होता. चौदा ठिपके, आणि एकही वावराच्या मधोमध नाही. हा खुशालरावांच्या निंबाखाली. हा पुंजाजीच्या वावरातल्या बाभळीखाली. हा विहिरीजवळच्या कोपऱ्यात. ट्रॅक्टर कोपऱ्यात वळतो कुठे? तिथली जमीन तर नांगरटीतून सुटतेच. तिथे जातं कोण? तिथे कळशी जाते.

नाल्यावरचं ते लांब चिवट गवत म्हणजे पाण्यावर माजलेला कुंदाच! आयुष्यभर कुंद्याच्या मुळावर उठलेल्या बाईनं रोज सकाळी त्यालाच मुळासकट उपटून, गाठ मारून, डोक्यावर घेऊन वावरात नेलं होतं. वर कळशीचं पाणी सांडून ओल दिली होती. चुंबळ झाली की तिच्या लेखी तो कुंदा राहतच नव्हता.

आता खरी पंचाईत. गेलेलं नाव आत्ता परत मिळालं होतं, धड पाच मिनिटं झाली नव्हती. गप्प बसलं तर कोणाला कळणार? नगमाला नाही, खुशालरावांना नाही. टोळीच्या निंदणाचा दोष नाही हे तर सिद्धच झालं होतं. रुख्मिणीनं मात्र त्यांच्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला. जयवंताबाईंनी एकदा अजहरकडे पाहिलं. पोरगा चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्या उठल्या. "अजहरचं नाव घेऊ नका. चुंबळीनं गेला थो."

मग सगळं सांगितलं, गाठ कशी मारायची तीही हातानं करून दाखवली. नगमा वहीत भराभरा लिहीत होती. मधेच थांबून म्हणाली, "मावशी, मले हे पटते. पण माहे सर विचारतील, याले पुरावा काय?"

"पुरावा म्हंजे मी," जयवंताबाई म्हणाल्या. "चौदाही जागी पह्यली चुंबळ मीच फेकली. लिव, नाव घालून लिव."

आणि मग रुख्मिणीला हसू फुटलं, तिच्यामागे टोळीला, मग पुंजाजीला, मग सगळ्या गावाला. खुशालराव तर डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे बाई, एका हातानं उपटला अन् एका डोक्यानं पेरला!" जयवंताबाईंनाही हसू आवरेना. हसणं थांबल्यावर त्यांनी आपलं खुरपं काढून रुख्मिणीच्या ओटीत टाकलं.

"चौदा कोपरे साफ झाले असं नगमा सांगत नाई, तवरोक हे माह्या हाती नाई."

"अहो बाई, तशी बोली नव्हती," खुशालराव म्हणाले.

"बोली माही होती. म्या फिरवली."

उन्हाळ्यात चौदा कोपरे खणले. दुसऱ्या दिवशी अजहर कुदळ घेऊन न बोलावता आला. म्हणाला, "मावशी, चूप राह्यल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, "तुहा ट्रॅक्टर बंद पडला असता, अन् कुंदा चालूच राह्यला असता. भैताडा, खण." टोळीनं चिंध्यांच्या चुंबळी केल्या, पाणी पाठीत गळायचं, आणि बाया जयवंताबाईंच्या नावानं बोटं मोडायच्या.

श्रावणात त्या रिकाम्या हातानं टोळीमागे फिरत. खुरप्याशिवाय त्यांचे हात कुठे ठेवावे हे त्यांनाच कळत नसे, म्हणून सगळ्यांवर ओरडत. बारा कोपरे साफ निघाले, पण दोन कोपऱ्यांत कुंद्याचे कोंब दिसले. नगमा येऊन पानं घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, निकाल लागेपर्यंत कोंब तसेच राहू द्या. दहा दिवस जयवंताबाई त्या दोन कोंबांकडे बघत राहिल्या. भाकर पुन्हा गोड लागेना.

फोन आला तेव्हा टोळी पुंजाजीच्याच वावरात होती. स्पीकर लावला, बाया गोळा झाल्या.

"मावशी, दोन्ही नाल्याचे नाईत," नगमा सांगत होती. "एकमेकांशीबी जुळत नाईत. तुमचा कुंदा गेला. पुरा गेला."

गिल्ला झाला, कोणी फुगडी घातली, रुख्मिणीनं खुरपं जयवंताबाईंच्या हातात ठेवलं. "झालं नं? तुहा नाई म्हणते. मंग राहू दे आता थो, चाल पाणी पिऊ."

जयवंताबाईंनी खुरपं पदराला पुसलं, डोळेही त्याच पदराला पुसले आणि बाभळीखाली बैठक मारली. "कोणाचा का असंना," त्या म्हणाल्या, "वावरात तर हाय." आणि मूळ कुठवर गेलंय ते चाचपत माती उकरायला लागल्या.