छत्तीस मिनिटांचा सामना आणि तात्यांचे गाऱ्हाणे

शिवोलीचा पूल ओलांडला की वाऱ्याची चव बदलते. आमच्या मुळगावच्या हवेत खाणींची तांबडी धूळ आणि भातखाचरांचा ओलसर वास. पुलापलीकडे मात्र आधी ओठांना मीठ लागते आणि मग कुठे डोळ्यांना समुद्र दिसतो. म्हापशाहून सुटलेल्या बसच्या खिडकीला मी नाक लावून बसले होते. आईने पिशवीत बांधून दिलेले दोन नीरफणस मांडीवर एकमेकांना टकरा देत होते, आणि चाळिशी उलटलेली मी सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारखी विनाकारण हसत होते.

विनाकारण म्हणणे खरे नव्हे. हरमलला माझी शाळासोबतीण रजनी राहते. तिचा नवरा सगुण हा मासेमार, आणि भारताच्या बीच सॉकर संघाचा राखीव गोलरक्षक. पूर्वेकडच्या एका देशात आशिया खंडाची अजिंक्यपद स्पर्धा चालू होती आणि त्या दुपारी भारताचा गटातला शेवटचा सामना होता. जिंकले तर पुढे, नाहीतर घरी. पण रजनीच्या घरातला प्रश्न याहून लहान आणि याहून मोठा होता. तीन वर्षे सगुण संघाबरोबर हिंडत होता आणि एकदाही वाळूवर उतरला नव्हता. वास्कोत जहाजावरच्या नोकरीचे कागद तयार होते; एकदा चढले की नऊ-नऊ महिने घर दिसणार नाही. निघताना तो म्हणाला होता, "या खेपेला एक मिनिट जरी उतरलो, तरी खेळत राहीन. नाहीतर आल्यावर जहाज."

"तू ये गो," रजनीने फोनवर सांगितले होते. "माका एकटीक बघवचा नाय."

ती मला न्यायला स्कूटर घेऊन आली. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या बोळात चाक वाळूत रुतले, आणि आम्ही दोघी नीरफणसांसह अगदी सावकाश, जणू विचार करून, आडव्या झालो. जाळी विणणारा एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "सामनो हय सुरू झालो काय?"

तिच्या सासरच्यांची किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराची खानावळ आहे. तिथे टेबलावर टेबल चढवून वर दूरचित्रवाणी संच ठेवला होता. समोर सारा वाडा (गावातली ती वस्ती) जमलेला. तव्यावर बांगडे चुरचुरत होते. तिखट-आंबट मसाल्याचा वास खाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. उंडे (गोल, जाड सालीचे पाव) टोपलीत वाफाळत होते. चटईवर एक परदेशी बाई शहाळे घेऊन बसली होती. तिला काय चालले आहे ते ठाऊक नव्हते, पण आनंद आहे एवढे कळले होते.

हा खेळ तसा सोपा. पाच-पाच अनवाणी माणसे, बारा मिनिटांची तीन सत्रे. वाळूत चेंडू घरंगळत नाही, म्हणून तो हवेतच नांदतो.

सामना सुरू व्हायला दोन मिनिटे होती तेव्हा तात्या उठले. तात्या म्हणजे सगुणचे चुलते, वाड्यातले सर्वांत वडील. ते पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, हातात नारळ घेतला, आणि गाऱ्हाणे (सर्वांच्या वतीने देवापुढे केलेले मागणे) सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां परमुलखात वाळयेर उतरली असत. तेंच्या पायाक काटो लागू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांनी साथ दिली.

गाऱ्हाणे मध्ये तोडायचे नसते. उत्तरही 'व्हय म्हाराजा' एवढेच द्यायचे असते. तात्यांनी वेशीचा देव घेतला, राखणदार घेतला, पितर घेतले, आणि मग समुद्रापलीकडचे देव, "ज्यांची नावां आमका ठावक नाय, तेंकाय रामराम." तात्यांच्या खांद्यामागे सामना केव्हाच सुरू झाला होता. आपला एक खेळाडू हवेत उलटा झाला, टाच सूर्याला लागेल इतकी उंच गेली, आणि गोल!

"व्हय म्हाराजाऽऽऽ!" छप्पर हादरले.

तात्यांना वाटले, ही दाद आपल्याला. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी आणखी सात गावांच्या सीमा घेतल्या. आखातातल्या एका देशाच्या प्रतिस्पर्धी संघाने पाठोपाठ दोन गोल चढवले, तेव्हा "व्हय म्हाराजा" असे निघाले की जणू कुणी दारात गतप्राण झाले. पोटात हसू कोंडून माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. परदेशी बाई तर सर्वांत खणखणीत साथ देत होती. पंचाच्या शिटीला चांगली बुद्धी मिळो, इथे येऊन नारळ फुटला.

तात्या वळले. "झालो काय सुरू?"

"तात्यानु, एक सत्र संपला!"

दुसऱ्या सत्रात आम्ही साऱ्या कोंडलेल्या आरोळ्या मोकळ्या केल्या. भारताने तीन गोल केले, एक खाल्ला, चार-तीन. पण सगुण बाकावरच, मांडीवर टॉवेल घेऊन बसलेला. कॅमेरा त्याच्यावरून गेला की रजनी पदराचे टोक चावे. मध्यंतरात ती उठून तात्यांसमोर उभी राहिली.

"तात्यानु, पंचाच्या शिटीचासुद्धा मागलात. सगुणाचा नाव खंय घेतलात?"

 तव्यावरचे बांगडे उलटायचे राहिले. तात्यांनी कपाळाला हात लावला.

"अगे, तो घरचो. घरच्याचा नाव वेगळा कित्याक घेवचा, असा वाटला गो."

दुसरा नारळ नव्हता. तात्यांनी परदेशी बाईच्या हातातले अर्धे प्यालेले शहाळे अदबीने काढून घेतले, नळी बाजूला केली, डोळे मिटले.

"म्हाराजा, सगुणाक उतरय. दुसरा काय नको."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. यावेळी अगदी हळू.

शेवटची अडीच मिनिटे उरली असताना आपल्या गोलरक्षकाने झेप घेतली, चेंडू अडवला, आणि मांडी धरून तो तिथेच बसला. पायात गोळा आला होता. तात्या ताडकन उठले.

"म्हाराजा, मी तेचा वायट मागूक नाय हां! तेचो गोळो सुटां दी!" मग क्षणभर थांबून, आवाज उतरवून, "पण जरासो उशिरान."

हसण्याचा लोंढा फुटला आणि त्याच लोंढ्यात सगुण उतरला. रजनी पडद्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभी राहिली. "तू सांग माका."

आयुष्यभर कवितेत शब्द तोलून वापरणारी मी, त्या क्षणी माझ्याकडे तुटक वाक्येच उरली. "आला. वाकला. वाळू कपाळाला लावली. आता त्यांना फ्री किक." या खेळात चेंडूसमोर भिंत उभी करता येत नाही. मारणारा आणि गोलरक्षक, मध्ये नुसते ऊन.

"मारला," मी म्हणाले. "छातीवर घेतला! सुटला. परत मारला. पायाने, रजनी, पायाने काढला!"

पुढचे मी काही सांगितले नाही, कारण कुणीतरी मला उचलले होते. शिटी वाजली, चार-तीन, भारत पुढच्या फेरीत. पुरुष कपड्यांसकट समुद्रात धावले, तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून अनोळखी देवांची क्षमा मागू लागले, आणि आम्ही बायका तळलेले नीरफणसाचे काप तोंडात कोंबून, तेलकट हातांनी एकमेकींचे चेहरे माखत नाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच बसमध्ये रजनीही चढली. म्हापशाला उतरून तिला पुढे वास्कोला, जहाजाच्या कचेरीत जायचे होते.

"सगुणने सांगितलं जायला?"

तिचा आवाज पार बसला होता; ती कुजबुजली, "तो काय सांगतलो? फोनार नुसतो रडतासा. मीच जातंय. जहाज थांबवा म्हणून नाय सांगूचा. सगुणाक सोडून जाऊ दी म्हणून सांगूचा."

पुलावरून नदी चमकून गेली. आपण मागतो ते सर्वांसाठी, मोठ्या शब्दांत. मलाही तेच शिकवलेले आणि माझ्या ओळींतही तेच उतरलेले. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचे नाव मात्र घरचे म्हणून राहूनच जाते. रजनीने ते भर सभेत, बांगड्याच्या धुरात, मागून घेतले होते.

म्हापशाच्या स्थानकावर वास्कोची बस हलू लागली होती. रजनीने हाक मारायला तोंड उघडले. नुसती हवा आली. तेव्हा नीरफणसाची रिकामी पिशवी डोक्यावर फडकवत मी वाहकाच्या दिशेने धावले आणि साऱ्या स्थानकाने वळून पाहावे अशा आवाजात ओरडले, "ओ मास्तर, थांबवा! आमची रजनी राहिली!"