दारातून सांगितलेला शब्द

आमच्या गिरणीत माझ्या नावावर सूत चोरलं गेलं. चोरणारा ऑफिसातला. चोर ठरलो मी. आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते हेडक्लार्क अण्णासाहेब अजून मानाने खुर्चीत बसतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं कुणी रडगाणं समजून वाचणार नाही.

मी गिरणीची सूतविक्री बघतो. मंद्रूपच्या बाजारात धाग्याची रिळं विकत विकत वर आलो. भावात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस आपल्या शेजारी टेबल टाकून बसतो, हे ऑफिसात पुष्कळांना खुपायचं.

आणीबाणी उठल्यानंतर गिरणीत कॉम्प्युटर आला. काचेची खोली, थंड हवा. मशीनला हार, हळदकुंकू, नारळ. गोदामातून सूत सोडायचं तर ज्याने त्याने आपलं नाव आणि आपला गुप्त शब्द मशीनवर टाकायचा, मगच गेटपास निघणार. हा शब्द बायकोलासुद्धा सांगू नका, असं मुंबईहून आलेला इंजिनिअर बजावून गेला होता.

एकेक जण चपला काढून आत गेला. माणूस कळा दाबायला लागला की बाकीचे पाठ फिरवायचे. हसत, खिदळत, पण फिरवायचे.

माझी पाळी आली. मी चपला काढल्या. अण्णासाहेब दारात आडवे झाले.

"तू तिथूनच सांग. मी टाकतो."

"का? मी बी येतो की आत. मला इंग्रजी अक्षरं येतात."

"आजच पूजा झालीय. कशाला उगाच? सांग."

तोंडात शिवी आली होती. गिळली. घरून ठरवून आणलेलं आईचं नाव सांगितलं.

"दगडाबाई."

"मोठ्यानं. ऐकू येत नाही."

"दगडाबाई!"

आत हशा पिकला. "अहो, शब्द मागितला तर हा दगड मारतोय!" दुसरा म्हणाला, "यांच्यात असलीच नावं."

आजीची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून तिने आईचं नाव दगडा ठेवलं होतं. मरणाची नजर पडू नये म्हणून. याच गिरणीत आईने आयुष्यभर कापसाची धूळ खाल्ली.

हसणाऱ्यांकडे बघितलं तेव्हा ध्यानात आलं. माझ्या वेळी कुणीच पाठ फिरवली नव्हती. सगळे माझ्याकडे तोंड करून उभे होते.

तेव्हापासून संशय लागला. मी आलो की बोलणं थांबलं, संशय. काचेच्या खोलीत कुणी रेंगाळलं, संशय. अण्णासाहेबांना म्हणालो, शब्द बदलून द्या. "होईल रे, घाई काय आहे?" झालं नाही.

मग एके दिवशी गोदामातून सुताच्या गाठी गेल्या. मशीनने माझं नाव दाखवलं. त्या दिवशी मी मैंदर्गीत व्यापाऱ्याच्या ओट्यावर भाव करत बसलो होतो.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

"न्हाय बोलत. पर बोट कुणाचं हुतं, ते बी बोलत न्हाय."

अण्णासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "माफी लिहिलीय, खाली सही कर. पोलीस नको. तुला गोदामात हलवू. सौदा वाईट नाही."

सौदा! समोरच्याने भाव सांगितला की माझी जीभ आपोआप चालते. त्या दिवशी चालली नाही. माझ्या आईचं नाव चोरलं, आणि तेच मला विकायला निघाले होते. डोकं फिरलं. कागद फाडून त्यांच्या पुढ्यात टाकला.

"बोलवा पोलीस. न्हाईतर मीच बोलावतो. अन् पैलं सांगतो, मला दारात कुणी उभं केलं."

तडक काचेच्या खोलीकडे गेलो. चपला काढल्या, कारण बाकीचे काढतात. अण्णासाहेब मागोमाग धावत आले, त्यांच्या मागे मॅनेजरसाहेब आणि सगळं ऑफिस. या खेपेला मी अण्णासाहेबांना दारात आडवं होऊ दिलं नाही. शब्द बदलायची रीत इंजिनिअरने भिंतीवर चिकटवली होती.

"पाठ फिरवा," मी ओरडलो. "मॅनेजरसाहेब, तुमी बी."

फिरवली. सगळ्यांनी. एकेक कळ शोधत मी नवा शब्द टाकला.

चौकशी अजून चालू आहे. कामावरून काढलं तर कोर्टात जाईन. सही करणार नाही. पण त्या दिवशी माझ्या आईच्या नावाची अक्षरं कुणाच्या बोटाने दाबली, ते खोलीत हसलेल्या प्रत्येकाने सांगावं. आणि अण्णासाहेब, चोर सापडो न सापडो, मला दाराबाहेर का ठेवलं, याचं उत्तर तुम्ही द्यायचं. सगळ्या ऑफिससमोर.

मोठ्यानं. दारापर्यंत ऐकू आलं पाहिजे.